गोठ्यातला पाच लिटरचा डबा

१

गोरखच्या डब्यातली निम्मी लघवी कुणीतरी गोठ्यात ओतून दिली आणि ते काम त्याच्या बायकोचंच, याबद्दल साखरशेतात कुणाला तिळमात्र शंका उरली नव्हती. नाही म्हणणारी एकटी पुतळी होती, आणि तिचं ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

म्हणून ती जव्हारला डॉक्टर पुष्पलता भोये यांच्या दवाखान्यात आली. काखेत कपड्यांचं गाठोडं आणि चेहरा असा, की पुष्पाबाईंनी समोरच्या म्हाताऱ्याचा खोकला अर्ध्यात आटोपला आणि त्याला औषध देऊन वाटेला लावलं. एरवी बाई तशा तुसड्या. रडणाऱ्या पेशंटला आधी पाणी देत आणि मग ओरडत. पण पुतळी रडत नव्हती, आणि त्याचीच बाईंना धास्ती वाटली.

प्रकरण बाईंना ठाऊक होतं. गोरखची धाकटी बहीण सुनीता, हिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नाशिकला जाऊन रक्त मशिनवर धुऊन आणायचं, तेव्हा पुढचे दिवस निघायचे. गोरखने आपली एक किडनी तिला द्यायची ठरवली. रक्तगट जुळला. मग मुंबईच्या इस्पितळाने सांगितलं, दिवसभराची आणि रात्रीची सगळी लघवी एका डब्यात गोळा करून आणा. किडन्या रक्त किती साफ करतात ते त्यावरून कळतं.

हा डबा कोंडीबाईने, म्हणजे गोरखच्या आईने, घरात ठेवू दिला नाही. घरात भाताची कणगी, कणगीत धान्याची कणसरी देवी. तिच्या शेजारी असली घाण? डबा गेला गोठ्यात. पावसाळ्याआधी ही तपासणी झाली आणि रिपोर्ट कमी आला, किडनी घेण्याजोगा नाही इतका कमी. मुंबईच्या डॉक्टरने कागदावरून मान वर न करता म्हटलं, “पूर्ण गोळा केलेली दिसत नाही. पावसाळा झाला की परत करा.”

त्या एका वाक्यातून घराने चोर तयार केला. पहाटे गोठ्यात शेण काढायला जाते कोण? पुतळी. नवऱ्याच्या पोटाला चीर पडू नये असं कुणाला वाटतं? पुतळीला. दुसऱ्या वेळी कोंडीबाई स्वतः डब्यापाशी राखण बसली, आणि रिपोर्ट आला झकास. आणखी काय पुरावा हवा होता?

“मला वांगणीला माहेरी धाडतात बाय, उद्या,” पुतळी म्हणाली. “ते मुंबईला जातील, मी वांगणीला. धाडू दे. पण मी नाय ओतला.”

“बरं, नाही ओतलास.”

“तुमी नीट ऐका. मी ओतला नाय, तं मंग पहिला कागद खरा. आन पहिला कागद खरा, तं परवा माझा माणूस मरायला झोपतोय.”

ही गोष्ट फक्त हिलाच कळू शकत होती, कारण आपण निर्दोष आहोत हे फक्त हिलाच माहीत होतं.

फाइल दवाखान्यातच होती. सुनीताचा नवरा गौतम, आश्रमशाळेतला मास्तर, आदल्या दिवशी ती ठेवून गेला होता. घरच्या डॉक्टरचं पत्र म्हणून बाईंनी गोरख धडधाकट असल्याचं लिहून द्यायचं होतं. बाईंनी फाइल उघडली, पहिला रिपोर्ट पुढ्यात घेतला आणि त्यात कुणी सहसा न पाहणारा एक आकडा शोधला.

माणसाचे स्नायू रोज थोडे झिजतात. त्याचा जो कचरा होतो त्याला क्रिएटिनिन म्हणतात, आणि किडन्या तो लघवीतून बाहेर टाकतात. ज्याचे स्नायू जेवढे तेवढा त्याचा दिवसाचा कचरा, त्यात फार फरक पडत नाही. डबा निम्मा ओतला असता तर कचराही निम्माच सापडला असता. पण गोरखच्या पहिल्या डब्यात तो कबड्डी खेळलेल्या गड्याला शोभेल असा पुरेपूर होता. रिपोर्ट कमी आला होता तो रक्तात साचून राहिलेल्या कचऱ्यामुळे.

“पुतळे,” बाई म्हणाल्या, “कुणीच काही ओतलं नाही.”

पुतळीला आनंद झाला नाही. तिथेच फरशीवर ती मटकन बसली.

बाईंनी दुसरा रिपोर्ट उचलला. किडन्या शंभर टक्के! वर्षभर आजारी बैल एका पावसाळ्यात बरा व्हावा तशी तऱ्हा. पण किडनी काही भातासारखी पावसाळ्यात वाढत नाही.

मग हा दुसरा डबा कुणाचा होता?

२

बाईंनी आधी चौकातल्या एसटीडी बूथवरून मुंबईला फोन लावला. मोठे डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं, “मॅडम, आमच्याकडे लेटेस्ट रिपोर्ट नॉर्मल आहे. तुमचं काही ऑब्जेक्शन असेल तर कारणासहित लेखी पाठवा.”

कारण! पहिला डबा पुरा होता म्हटलं, तर दुसरा इतका चांगला का आला ते विचारतील. मग काय सांगणार, की पेशंटची बायको खरं बोलते? बाईंनी फोन आपटला आणि बूथवाल्याची माफी मागायलाही विसरल्या. पहाटेच्या एसटीने ही मंडळी निघणार. त्याच्या आत कारण सापडलं नाही तर एक धडधाकट दिसणारा माणूस टेबलावर झोपणार आणि अर्धवट चालणाऱ्या दोन किडन्यांतली एक देऊन उठणार. पत्र लिहायला नकार देणं सोपं होतं. पण त्यांच्या पत्रावाचून ऑपरेशन थांबलं नसतं.

पुतळीला त्यांनी दवाखान्यातच थांबवलं आणि त्या जीपच्या थांब्यावर आल्या. साखरशेतला जाणारी जीप उभी होती, आणि स्टिअरिंगवर खुद्द गोरख. नाशिकची फेरी मारून तो नुकताच आला होता.

“या मॅडम, पुढं बसा! पत्र आणलात काय?”

“पाहू. आधी घर बघायचं आहे तुझं. सुनीताला भेटायचंय.”

गोरख खुशीत होता. सत्ताविशीचा गडी, आधीच भरलेला, आता दंड तर असे फुगले होते की शर्टाची बाही उसवायची बाकी होती. मागे कोंबून बसलेल्या माणसांशी थट्टा चालली होती. पण बाईंचं लक्ष थट्टेकडे नव्हतं. वळणावळणाला तो एक हात स्टिअरिंगवरून काढी, झटके, बोटं चोळी आणि परत ठेवी. दुसऱ्या वळणानंतर दुसरा हात.

“काय झालं रे हाताला?”

“मुंग्या येतात मॅडम. गाडीचा दणका.”

“आणि आंगठी? लग्नातली चांदीची होती ना?”

बोटावर पांढुरका वळ होता. गोरख हसला. “कापून काढली सोनाराकडनं. लय आवळत होती. खायला बरा मिळतो ना आता, बहिणीला किडनी देनार म्हनून जो तो अंडी आणून देतो!”

मागची माणसं हसली. बाईही हसल्या, पण उशिरा. गिअरच्या दांड्याशेजारी दोन थर्मास ठेवलेले होते, एक निळा आणि एक लाल. खड्ड्यात जीप आदळली की गोरखचा हात आपोआप खाली जाऊन लाल थर्मास सावरत होता. निळा लोळत होता.

३

अंगणात नाचणी वाळत होती आणि कोंडीबाई काठी घेऊन कोंबड्या हाकत होती. डॉक्टरीणबाई आल्या म्हणताना तिने काठी टाकून चटई अंथरली, पण पुतळीचं नाव निघताच तिचा चेहरा आंबला.

“तीनंच ओतला बाय. मी बघलाय.”

“ओतताना बघितलंस?”

“ओतताना कसा बघू? मी निजलेली. पन सकाळी डब्याच्या बुडाशी भुई ओली होती. गच्च ओली!”

“कोंडीबाई, गोठ्यात ना?”

“मंग?”

“गोठ्यात गाई किती?”

कोंडीबाई उत्तर द्यायला तोंड उघडते तोच तिला काय विचारलं जातंय ते उमगलं, आणि तिने ते तसंच उघडं ठेवलं. गोठ्यातली भुई ओली नसेल तर कुठली असेल! सहा महिने या पुराव्यावर घर उभं होतं, आणि तो पुरावा गाईचा निघाला. बाईंना हसू आलं असतं, पण परवाचं ऑपरेशन डोळ्यांसमोरून हलत नव्हतं.

“दुसऱ्या वेळेचं सांग. राखण तू केलीस?”

“मीच. गोरख यायचा, डब्यात करायचा, मी झाकन लावायची. कोनाला शिवू दिला नाय.”

“मग डबा मुंबईला नेला कुणी?”

“जावयानं. मांडीवर घेऊन गेला एसटीत. सोता मास्तर मानूस, पन लाजला नाय.” हे सांगताना तिचा आवाज मऊ झाला.

बाईंच्या मनात मात्र दुसरंच आलं. जव्हार ते मुंबई डबा गौतमच्या मांडीवर, म्हणजे तितका वेळ त्याच्या एकट्याच्या ताब्यात. बायको जगावी म्हणून तो काय करणार नाही?

“आणि तुझं नाव का नाही दिलं गं? तुझा रक्तगट?”

“जुळतो म्हणं. मुंबईच्या डाकतरानं लिव्हला बी होता. गोरखनं नाय ऐकला. म्हनला, आई म्हातारी, मी तरना असताना तिला कापायची काय?” कोंडीबाईने डोळे पुसले. “मानूस गेला तवा हे दोघं लहान होते बाय. त्यांच्या बापाचा तोंड सुजला, पाय सुजले, मंग अंधार झाला. मोखाड्याचा भगत म्हनला, बाहेरचा हाय. आता सुनीचा बी तोंड तसाच सुजतो.”

पुष्पाबाई चटईवरून उठल्या. दोन्ही रिपोर्टांत लघवीत प्रथिनं किंचित उतरल्याची एक ओळ होती, किडनी बिघडू लागल्याची पहिली खूण, आणि ती मुंबईला कुणी मनावर घेतली नव्हती, त्यांनीही सकाळी घेतली नव्हती. बापाला होतं ते मुलीला झालं. मुलालाही सुरू झालेलं नसेल कशावरून?

४

आजारपणापासून माहेरीच राहिलेली सुनीता आतल्या खोलीत खाटेवर बसून होती. चोविशीची, पण हातांची कातडी म्हातारीसारखी. शेजारी गौतम शाळेच्या वह्या तपासत होता. बाईंनी सरळच विचारलं.

“गौतम, मुंबईला नेताना डबा उघडला होतास?”

त्याने पेन खाली ठेवलं. “कशासाठी उघडू, मॅडम?”

“त्यात आपलं काही घालायला. तुझ्या किडन्या ठणठणीत आहेत, मी तपासल्यात. फक्त रक्तगट जुळत नाही.”

गौतमचा गोरा चेहरा लालबुंद झाला. “मॅडम, सुनीता जगावी यासाठी मी चोरीसुद्धा करेन. पण गोरखच्या जिवावर नाही. तो मला भावासारखा आहे.”

खरं तर बाईंना उत्तर विचारतानाच मिळालं होतं. त्यांनी त्याच्या काटक्यांसारख्या हातांकडे पाहिलं होतं. दुसऱ्या डब्यातला कचरा पहिल्यापेक्षाही थोडा जास्तच होता. हा मास्तर दोन दिवस डबा भरत बसला असता तरी त्याच्या अंगातून तेवढा निघाला नसता. शिवाय रक्त इस्पितळात घेतलं होतं, गोरखच्या दंडातून, परिचारिकेने. त्या रक्तातलं क्रिएटिनिनसुद्धा पहिल्या वेळेपेक्षा उतरलं होतं, किडन्या ते खरोखरच जास्त बाहेर टाकत होत्या. म्हणजे डबाही गोरखचा आणि रक्तही गोरखचं. कुणीच काही बदललं नव्हतं. दोन्ही रिपोर्ट खरे होते!

बाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. पहिला खरा, दुसराही खरा. मग खोटं कुठे होतं?

“बाई, बसा ना,” सुनीता म्हणाली. तिच्या हातात वाटी होती आणि वाटीत बर्फाचे खडे. मशिनवरच्या पेशंटला पाणी मोजकंच प्यायचं असतं. तहान फार झाली की बर्फ चघळायचा. “दादा आणतो रोज, गोळेवाल्याकडनं. या निळ्या थर्मासातनं.”

“आणि लाल?”

“लालला हात लावायला देत नाही. मी एकदा मागितला तर किती ओरडला मला. आजवर दादा माझ्यावर कधी ओरडला नव्हता.”

“त्यातही बर्फच?”

“खुळखुळ वाजतो तसाच. पण उशाशी घेऊन झोपतो. वहिनी म्हणायची, माझ्यापेक्षा त्याला थर्मास बरा.”

बाईंनी पिशवीतून फाइल काढली आणि खिडकीच्या उजेडात दुसऱ्या रिपोर्टाचं मागचं पान उलटलं. किडनीचा आकडा उत्तम म्हटल्यावर ते पान पाहायची तसदी कुणी घेतली नव्हती. उपाशीपोटी साखर पहिल्या वेळेपेक्षा वाढलेली. आणि रक्तातलं फॉस्फरस चांगलंच वर. किडन्या थकल्या की फॉस्फरस चढतं, पण ते अगदी शेवटाला. इथे तर किडन्या जोरात पळत होत्या. पळणाऱ्या किडन्या आणि चढलेलं फॉस्फरस एकत्र सापडतं ते शाळकरी पोरांत, जी हां हां म्हणता उंच होतात आणि ज्यांच्या पायजम्याच्या पट्ट्या सारख्या उसवाव्या लागतात.

सत्तावीस वर्षांचा गोरख वाढत होता!

५

दिवस कलला होता. बाईंनी सगळ्यांना पडवीत बोलावलं. जव्हारला परत जाणाऱ्या जीपवाल्याबरोबर त्यांनी पुतळीलाही निरोप धाडला होता, आणि ती नुकतीच येऊन अंगणाच्या कडेला उभी होती. तिला वर ये असं कुणी म्हणालं नाही. गोरख एसटीसाठी पिशव्या बांधून आला आणि खांबाला टेकला. लाल थर्मास त्याच्या काखेत होता.

“पुतळीने डबा ओतला नाही,” बाई म्हणाल्या. “ओतला असता तर त्यात गोरखचा पुरता ऐवज सापडला नसता. तो सापडला. गौतमनेही काही मिसळलं नाही. त्याच्या अंगात तेवढं मांस नाही. दोन्ही डबे गोरखचे. तरीही सहा महिन्यांत याच्या किडन्या एकदम ठणठणीत झाल्या. कशाने?”

कोंडीबाईने सुनेकडे चोरून पाहिलं.

“ज्याची आंगठी कापावी लागते, ज्याचे हात सुजून बोटांना मुंग्या येतात, दंड भरतात, साखर चढते आणि ज्याच्या रक्तात वाढत्या पोराची खूण सापडते, त्याच्या अंगात वाढीचं औषध जात असतं. ग्रोथ हॉर्मोन. पोटाच्या कातडीत बारीक सुईने टोचतात. त्याच्या बाटलीला गारवा लागतो, आणि या घरात फ्रीज नाही.” बाईंनी हात पुढे केला. “गोरख, लाल थर्मास दे.”

गोरखने थर्मास छातीशी धरला. क्षणभर वाटलं हा पळणार. पुतळी अंगणातून एकच पाऊल पुढे आली आणि म्हणाली, “द्या हो.”

त्याने दिला. झाकण फिरवलं तसा वितळत्या बर्फात बुडालेला प्लॅस्टिकचा पुडा दिसला आणि त्यात बोटाएवढी काचेची बाटली. सुनीताने तोंडावर हात धरला.

“कुणी दिलं?”

“नाशकात जिम हाय, धर्मेंद्र मास्तरचा,” गोरख खाली बघून म्हणाला. “मी रडत होतो मॅडम त्याच्याफुडं. पहिला रिपोर्ट खराब आलेला. तो म्हनला, आमच्या एका पोरानं ही सुई घेतली तं त्याच्या किडनीचा रिपोर्ट एकदम वर गेला. बॉडी बी होते, किडनी बी दमदार होते. मला वाटला… मला वाटला आपली किडनी सुधारंल. मंग सुनीला चांगली मिळंल.”

“तुला खरंच वाटलं सुधारेल?”

“पहिल्यांदा वाटला. मंग पुतळीवर आळ आला, तवा कळला मला. ती ओतनारी नाय. म्हंजे माझीच खराब हाय.”

“तुला ठाऊक होतं?” गौतम ओरडला. “वहिनीला हाकलत होते आणि तू गप्प बसलास?”

“बोललो असतो तं सुई बंद झाली असती! मंग सुनी गेली असती!” गोरखचा आवाज फाटला. “दोन दिवसांचा तं प्रश्न होता. किडनी देऊन आलो का मी सोता वांगणीला जानार होतो, पाया पडनार होतो तिच्या.”

पुष्पाबाईंना त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली आणि त्याच क्षणी त्याला जवळही घ्यावंसं वाटलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही.

“तू ड्रायव्हर आहेस ना? घाट चढताना ॲक्सिलरेटर दाबलास की जुनं इंजिनही ओरडत चढतं. म्हणून ते नवं झालं का रे? ही सुई तेच करते. किडनीला दामटते, किडनी जास्त रक्त गाळते, रिपोर्टात आकडा वर जातो. मुंबईच्या मशिनने खोटं सांगितलं नाही. तुझ्या किडन्या त्या दिवशी खरंच तेवढ्या पळत होत्या. सुई बंद झाली की परत जागच्या जागी. आणि त्यातली एक काढून घेतली, तर उरलेली तुझ्या बापाच्या वाटेने जाईल. सुनीताला दिलेलीसुद्धा आजारी ती आजारीच. एक जीव वाचवायला दोन घालवायला निघाला होतास.”

६



“मंग सुनीचा काय?” गोरखने विचारलं. “तुमी सगळा बरोबर सांगितलात मॅडम. पन सुनीचा काय?”

दिवसभर बाई एक ऑपरेशन थांबवायला धावल्या होत्या. ते थांबलं की खाटेवरच्या पोरीचं काय होणार, हा विचार त्यांनी मुद्दामच लांब ठेवला होता. आता तो समोर येऊन उभा राहिला.

बोलली ती सुनीताच. “दादा, माझ्यासाठी तू गेलास तर त्या किडनीचं मी काय करू? रोज आरशात तुला बघू? नको मला.” आणि मग इतका वेळ धरून ठेवलेलं तिला अनावर झालं. “पण मला मरायचं पण नाही रे. मला लय भीती वाटते.”

गोरख तिच्या पायाशी जाऊन बसला. दोघं लहान पोरांसारखी रडली. कोंडीबाई उठली, पदर खोचला आणि डॉक्टरीणबाईंपुढे उभी राहिली.

“माझा रगत जुळतो. मला तपासा.”

“आई, तू म्हातारी…”

“गप रे! तुझा ऐकून काय झाला ते बघला सगळ्यांनी.” ती बाईंकडे वळली. “खोड बापाच्या रगताची हाय ना? मी तं दुसऱ्या घरची. माझ्यात नसंल.”

“नसावी,” बाई म्हणाल्या. “पण वय आहे, रक्तदाब बघावा लागेल, सगळ्या तपासण्या पहिल्यापासून. वचन देत नाही. आशा आहे एवढंच सांगते.” मग त्या गोरखकडे वळल्या. “तुझ्या सुया आजपासून बंद. दोन महिन्यांनी तुझीही तपासणी, आणि ती सुनीतासाठी नाही, तुझ्यासाठी. मुंबईला कारण मी आज लेखी पाठवते.”

कोंडीबाई अंगणात उतरली. सुनेपुढे उभी राहून तिने तोंड उघडलं, मिटलं, शेवटी एवढंच म्हणाली, “चल पुतळे, भाकरी टाकू. घरात चल.”

पुतळीने गाठोडं उचललं आणि काखेत मारलं.

“मी वांगणीलाच जाते.”

“आता कशाला? आळ गेला ना तुझा?”

“आळ डाकतरबायनं काढला. तुमी नाय काढला.” पुतळीचा आवाज चढला नव्हता, पण अंगणाच्या पलीकडे उभे असलेले शेजारीपाजारीही तो ऐकत होते. “मला धाडायचा ठरला तवा सगळे बसला होता. न्यायला बी सगळे या.” गोरखकडे तिने अगदी शेवटी पाहिलं. “तुमी सगळ्यांच्या फुडं या. जीप घेऊन नाय. चालत.”

ती पुष्पाबाईंबरोबर जव्हारला आली आणि तिथून वांगणीच्या जीपमध्ये बसली. बाईंनी तिला राहा म्हटलं नाही. त्यांना ते पटलंच होतं.

पुढचे काही दिवस बाईंनी दारावरची प्रत्येक चाहूल कान टवकारून ऐकली. मुंबईहून ऑपरेशन रद्द झाल्याचं कळलं होतं. सुनीता एकदा मशिनवर जाऊन आली, दमलेली पण बोलती. साखरशेतची बाकी मंडळी दिसली नाहीत. अभिमानापायी ही माणसं वेळ घालवतील, या काळजीने बाईंचं जेवणावरून मन उडालं, आणि त्याचा राग त्या बिचाऱ्या पेशंटांवर निघत राहिला.

मग एका सकाळी दाराशी चपलांचा ढीग पडला. गौतम आला, सुनीता आली, तळपाय फोडांनी भरलेला गोरख लंगडत आला. सगळ्यांच्या मागून कोंडीबाई, आणि तिचा हात धरून पुतळी. कोण काय बोललं, कोण कुणाच्या पाया पडलं, ते बाईंनी विचारलं नाही. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली.

कोंडीबाई बसली. सुई पाहताच तिचा सगळा ताठा गेला. रक्तगटासाठी बोटाला टोचलं ते सोडलं, तर साठीला टेकलेल्या त्या बाईला जन्मात कधी कुणी सुई लावली नव्हती.

“दुखतं काय गं?” तिने डॉक्टरला नाही, सुनेला विचारलं.

“नाय दुखत,” पुतळी म्हणाली. “बघू नका तिकडं.”

कोंडीबाईने दंड पुढे केला आणि तोंड फिरवून सुनेच्या कुशीत लपवलं.